आधी काय टाकायचं?

शंकेखोर : माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. तू शाळेत होतीस तेव्हापासून तो तिथेच आहे. मशीन फॉरमॅट मारलं की कशानंतर काय टाकायचं, त्याच्या चौदा ओळी. पहिली ओळ, बायोसमध्ये जाऊन तारीख बघा. मग विंडोज, मदरबोर्डचे ड्रायव्हर, नेट, प्रिंटर, मराठी कीबोर्ड. पुढे जावा, मग डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर, मग सहीचं सॉफ्टवेअर. त्यानंतर अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर, आणि तो टाकून होईपर्यंत यंत्र यूएसबीला लावायचं नाही, या सूचनेखाली दोन रेघा. मग त्या यंत्राला आधारशी जोडणारी आरडी सर्व्हिस. गेवराईतल्या ओळखीच्या सेवा केंद्रांनी या कागदाची झेरॉक्स नेली, तिथून ती उमापूर, तलवाडा, मादळमोहीपर्यंत गेली. आता तू पुण्याहून येऊन सांगतेस की हा कागद लागतच नाही, मशीन आपला क्रम आपण काढतं. मला ते पटत नाही. ज्या जिल्ह्याच्या नावाने २०२० साली पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ निघाला, तिथे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रासमोर रांग कशी असते हे तू पाहिलं आहेस. त्या आठवड्यात मशीन बसलं तर क्रम शोधत बसायला वेळ नसतो. क्रम आधीच माहीत असावा लागतो, आणि तो ठेचा खाऊनच माहीत होतो.

उत्साही : सर, मी त्याच कागदावर शिकले, म्हणून त्याची एक खोड मला चांगली ठाऊक आहे. तो खरं आहे त्यापेक्षा जास्त सांगतो. चौदा ओळी एकाखाली एक लिहिल्या की त्यातल्या प्रत्येक जोडीबद्दल तुम्ही काहीतरी ठरवून टाकता, अशा एक्क्याण्णव जोड्या होतात. त्यातल्या खऱ्या किती? सहीचं सॉफ्टवेअर जावावर उभं असतं, डोंगलच्या ड्रायव्हरवरही उभं असतं, पण जावा आणि डोंगल एकमेकांना ओळखतही नाहीत. तरी कागदावर जावा आधी आहे, म्हणून पोरं डोंगलला हात लावायला घाबरतात. शेतात असं कोणी करत नाही. नांगरटीआधी पाळी घालता येत नाही आणि पाळीआधी सरकी लावता येत नाही, हे पक्कं. पण बियाणं कधी आणायचं आणि ठिबकच्या नळ्या कधी धुवायच्या, यांना आपसात क्रम नाही. दोन्ही लागवडीआधी उरकलं की झालं. शेतकऱ्याच्या डोक्यात यादी नसते, कशाला काय लागतं एवढंच असतं, आणि रोजचा क्रम तो त्यातून काढतो.

मशीननेही तेच करावं, एवढंच माझं म्हणणं आहे. ते करण्याची रीत जुनी आहे. १९६२ साली आर्थर कान यांनी ती एका छोट्या लेखात मांडली. ज्याला कशाचीच गरज नाही ते आधी उचला. ते झालं की ज्यांची अडचण सुटली ते उचला. असं करत शेवटपर्यंत जा. त्यांच्यासमोर सॉफ्टवेअर नव्हतं, मोठमोठ्या प्रकल्पांच्या कामांची जाळी होती. तीस हजार कामांचं जाळं आयबीएम ७०९० वर तासाभराच्या आत लावता येतं, असं त्यांनी त्यात लिहिलं आहे. आज डेबियन हे लिनक्सचं वितरण हीच गोष्ट करतं. हा प्रकल्प १९९३ साली ईयन मरडॉक यांनी सुरू केला. त्यातल्या प्रत्येक पॅकेजसोबत एक टिपण असतं, मला कोण लागतं, कितव्या आवृत्तीपासून लागतं, कोणाशी माझं जमत नाही. १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत ॲप्ट आलं. त्याआधी माणूस एक पॅकेज टाकायला जायचा, ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं मागायचं, आणि प्रत्येक वेळी हाताने शोधून आणायचं. ॲप्टने ती पायपीट संपवली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये एकूण ६९ हजारांवर पॅकेजेस आहेत. एवढं कोणाच्या कपाटावर चिकटवणार?

शंकेखोर : जे मोकळं आहे ते उचला, म्हणालीस. आणि काहीच मोकळं नसलं तर? ‘अ’ला ‘ब’ लागतं आणि ‘ब’ला ‘अ’ लागतं, अशी गाठ बसली की तुझ्या कान साहेबांची रीत तिथेच थांबते. दुसरं, तुझ्या या सगळ्या बोलण्यात काम सुरू झालं की पूर्ण होतं असं गृहीत आहे. इथे मधेच लाइट जाते. अर्धं पडलेलं सॉफ्टवेअर न पडलेल्यापेक्षा वाईट, कारण ते ना चालतं ना निघतं. माझ्या कागदावर मी निदान पेन्सिलने खूण करतो, कुठपर्यंत आलो त्याची.

उत्साही : गाठ आणि लाइट, दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आहे, आणि या यंत्रणेतली मला सर्वात आवडणारी गोष्ट तीच आहे. ‘टाकणं’ ही एक क्रिया नाही, दोन आहेत, हे या लोकांनी ओळखलं. आधी पॅकेज उघडून त्याच्या फाइली जागच्या जागी ठेवायच्या. मग ते जुळवायचं, म्हणजे या मशीनवर चालण्याजोगं करायचं. आपण ज्याला क्रम म्हणतो तो बहुतेक वेळा जुळवण्याचा असतो. फाइली ठेवायला एकमेकांची वाट बघावी लागत नाही. म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही आधी उघडून ठेवतात, मग जुळवताना ज्याच्यासोबत जुळवणीची वेगळी आज्ञावलीच नाही ते आधी धरतात, आणि गाठ सुटते. काही थोडी पॅकेजेस अशी असतात की समोरचं पूर्ण जुळल्याशिवाय त्यांना उघडताही येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी, कडक अट आहे, आणि ती सहज वापरू नये असा डेबियनचा नियम आहे.

आणि लाइटचं म्हणाल तर ते तुमची पेन्सिलच वापरतात. कोणतं पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद डिस्कवर असते. अर्धवट पडलेलं, उघडलेलं पण न जुळवलेलं, अर्धवट जुळवलेलं, प्रत्येकाला वेगळं नाव आहे. लाइट परत आल्यावर ॲप्ट चालवलं की ते स्वतःच सांगतं, पॅकेज प्रत्यक्ष टाकणाऱ्या डीपीकेजीचं काम मधे तुटलं होतं, जुळवायचं राहिलं ते आधी पुरं करा, आणि त्यासाठीची आज्ञाही दाखवतं. तुम्ही इथे सोसलेली अडचण त्यांनी तिथे बसून धरली होती, हे मला मोठं वाटतं.

शंकेखोर : ते मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. अर्धवट अवस्थांना नावं देण्याची कल्पना मला सुचली नव्हती. पण आता माझ्या पहिल्या ओळीकडे ये. तारीख बघा. ही ओळ का आहे? आपल्याकडे येणारी मशीनं जुनी असतात. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. वायर काढली की मशीन कित्येक वर्षं मागे जातं. मग सुरक्षित साइट उघडत नाही, कारण तिचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून जन्मलेलंच नसतं. तुझं ॲप्टसुद्धा तिथे अडतं. ही यादी अजून लागू झालेली नाही, म्हणतं. पोरगं दोन तास नेटच्या वायरी बदलत बसतं. आता मला सांग, तुझ्या ६९ हजारांपैकी कोणत्या टिपणात लिहिलं आहे की ‘मला बरोबर तारीख लागते’?

कोणत्याच नाही. कारण ज्याने ते टिपण लिहिलं त्याच्या मशीनची बॅटरी संपलेली नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे. यंत्र क्रम काढतं, पण जे सांगितलं आहे त्यातूनच काढतं. सांगणारा माणूस कुठेतरी दूर बसलेला असतो, आणि त्याला जे नेहमीच मिळत आलं ते तो ‘लागतं’ म्हणून लिहीत नाही. लाइट लिहीत नाही, तारीख लिहीत नाही, नेट लिहीत नाही. गेवराईत नेमकं तेच नसतं. अंगठ्याचं यंत्र ड्रायव्हरआधी लावलं तर विंडोज त्याला भलताच ड्रायव्हर चिकटवतं. हा क्रम तर दोन सॉफ्टवेअरमधला नाहीच. तो सॉफ्टवेअर आणि हात यांच्यातला आहे.

उत्साही : हे मान्य करून मी आणखी दोन गोष्टी तुमच्या बाजूने टाकते, कारण त्या खऱ्या आहेत. क्रम लावणं सोपं आहे, अवघड आहे ते निवडणं. एका गरजेला तीन पर्याय असतात, प्रत्येकाचं कोणाशी तरी जमत नाही, आवृत्त्या वेगळ्या असतात. मग असा एखादा संच आहे का की ज्यात कोणाचं भांडण नाही? युरोपातल्या एका संशोधन गटाने २००५-०६ च्या सुमारास दाखवून दिलं की हा प्रश्न गणितात अवघडांत अवघड गणल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या वर्गात बसतो. रोजच्या वापरात ॲप्ट तो सोडवतं, पण कधीतरी हात टेकतं, आणि मग माणसालाच ठरवावं लागतं की कोणाला सोडायचं.

दुसरी गोष्ट २०२४ ची. त्या वर्षी २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने जाहीर केलं की एक्सझेड नावाच्या, फाइली आवळणाऱ्या एका साध्या पॅकेजमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. दूरच्या मशीनवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या खुणेवरून ते तिथे पोहोचले. गंमत नाही, घाबरायची गोष्ट पुढे आहे. लॉगिनच्या त्या सॉफ्टवेअरला मुळात एक्सझेड लागतच नव्हतं. काही वितरणांनी सोयीसाठी एक जोड दिली, त्या जोडीला दुसरं लागलं, त्या दुसऱ्याला एक्सझेड. टिपणं सगळी बरोबर होती. कशाला काय लागतं हे त्यांनी सांगितलं. कोणावर विसंबावं हे सांगणं त्यांचं कामच नव्हतं.

तर यंत्राला सगळं कळतं असा माझा दावा नाही. जे सांगता येतं ते यंत्र वाचेल अशा जागी सांगितलं पाहिजे, एवढाच आहे. डेबियनमध्ये रिकामं पॅकेज बनवता येतं. आत काही नाही, फक्त टिपण, मला हे हे लागतं. ते एक टाकलं की सगळं येतं. नॉर्वेत २००१ मध्ये शाळांसाठी स्कोलेलिनक्स सुरू झालं, तिथे शाळेच्या मशीनवर काय काय हवं याच्या याद्या अशाच बांधल्या. आपल्या सी-डॅकने डेबियनवरच बॉस लिनक्स उभं केलं. मग ‘गेवराई-केंद्र’ नावाचं एक पॅकेज का नको? आणि त्याची पहिली आज्ञा तारीख तपासण्याची असेल. चुकलेली असली तर पुढे जाणार नाही, आणि मराठीत सांगेल की बॅटरी बदला. तुमची पहिली ओळ यंत्राला शिकवता येते, सर.

शंकेखोर : तू ती शिकवशील. आणि सहा महिन्यांनी पुण्याला परत जाशील. मग सरकारी साइट बदलेल, नवं यंत्र येईल, आणि तुझ्या पॅकेजमध्ये एक ओळ बदलायला इथे कोणी नसेल. कागदावर ओळ खोडायला पेन पुरतं. शिवाय सेवा केंद्राची मशीनं विंडोजवर आहेत, कारण डोंगलवाले आणि अंगठ्याच्या यंत्राचे लोक आधी विंडोजसाठी ड्रायव्हर काढतात. तिथेही हल्ली विंगेट आलं आहे, २०२१ पासून, मी वापरून बघितलं आहे. पण कंपनीच्या साइटवरून झिप फाइलमध्ये येणारा ड्रायव्हर त्याच्या यादीत नसतो, आणि माझ्या कागदावरच्या अवघड ओळी नेमक्या त्याच आहेत. तू शाळेच्या लॅबचा प्रश्न सोडवतेस, रांग सेवा केंद्रावर आहे.

म्हणून व्यवहाराचं सांगतो. एक मशीन नीट, सावकाश, कागदाप्रमाणे लावायचं. चाललं की त्याच्या अख्ख्या डिस्कची प्रत काढायची, आपली पोरं ज्याला घोस्ट मारणं म्हणतात ते. क्लोनझिला फुकट आहे. ती प्रत दहा मशीनवर ओतायची. क्रमाचा प्रश्नच येत नाही. एकदा झालेलं काम पुन्हा करायचंच कशाला?

उत्साही : याला मात्र माझा तुमच्या कागदापेक्षा जास्त विरोध आहे. कागद वाचता तरी येतो. डिस्कच्या प्रतीत क्रम विरघळून गेलेला असतो. काय का टाकलं, कशावर काय उभं आहे, काही दिसत नाही. पुढच्या मशीनचा मदरबोर्ड वेगळा निघाला की ती प्रत अडखळते, आणि तेव्हा दुरुस्त करणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, कारण प्रत कशी बनली हे त्याने पाहिलेलं नसतं. सहा महिन्यांत तिच्यातलं अर्धं जुनं होतं. आणि सांगू का, अशा प्रती पेनड्राइव्हवरून गावोगाव फिरतात. मूळ मशीन कोणाच्या कामाचं असलं तर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लोकांचे आधार आणि सातबारे राहिलेले असतात, ब्राउझरमध्ये पासवर्ड राहिलेले असतात. ते दहा मशीनवर जातात. दहा जणांपैकी एकही जण आत काय आहे ते तपासत नाही, कारण प्रत ‘चालते’. तुमच्या कागदाने कोणाचं असं नुकसान कधी केलं नाही.

शंकेखोर : पासवर्डचं आणि आधारचं तू म्हणतेस ते गंभीर आहे. प्रत काढायची तर कोऱ्या मशीनचीच, काम सुरू होण्याआधी. पण बघ, तू आता कागदाच्या बाजूने बोललीस. मग सांग, त्या कागदात असं काय आहे जे डिस्कच्या प्रतीत नाही, आणि मला वाटतं तुझ्या पॅकेजमध्येही नाही?

उत्साही : वाचता येतं, हे.

शंकेखोर : टिपणही वाचता येतं. त्यात नाव असतं, आवृत्ती असते. कारण नसतं. याला ते लागतं, बास. का लागतं, नसलं तर काय दिसेल, हे तिथे लिहायला जागाच नाही. माझ्या कागदावर लिहिलेलं आहे, ‘तारीख बघा, नाहीतर साइट उघडत नाही.’ ‘यंत्र आधी लावू नका, नाहीतर अंगठा घेत नाही.’ मुलगा चुकला तर त्याला समोर जे दिसतं त्यावरून तो त्या ओळीकडे परत येऊ शकतो. चुकलेल्या माणसाला परत यायची वाट लागते, नुसता बरोबर क्रम त्याच्या उपयोगाचा नाही. आणि ती वाट त्याच्या भाषेत हवी. तुमच्या चुकांचे संदेश इंग्रजीत येतात, पोरं न वाचता ओके दाबतात.

उत्साही : भाषेचं एवढं टोकाचं नाही. ॲप्टच्या संदेशांचं मराठी भाषांतर आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सिनॅप्टिक या साधनावरून पॅकेज कसं टाकायचं याचा मराठी धडा आहे, आणि ते धडे नेट नसतानाही दाखवता येतात. पण कारणाचा मुद्दा तुम्ही जिंकलात, आणि त्याने माझं पॅकेज मला वेगळं दिसायला लागलं. प्रत्येक गरजेपुढे कारण आणि लक्षण लिहिलं पाहिजे, टिपणात जागा नसली तर सोबतच्या फाइलीत.

आता तेच माप तुमच्या कागदाला लावू द्या. नववी ओळ. ‘इथे दोनदा रीस्टार्ट.’ कारण?

शंकेखोर : ते कोणत्या तरी जुन्या प्रिंटरमुळे आलं. तो प्रिंटर आता नाही.

उत्साही : मग ओळ का आहे? बाराव्या ओळीत अँटिव्हायरस बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं आहे, तिलाही कारण नाही. तुमच्या कागदाला ॲप्टपेक्षा जे अधिक आहे ते कारण, आणि निदान दोन ओळींत तेच नाही. त्या ओळींना आता फक्त वय आहे. मादळमोहीचा मुलगा त्या झेरॉक्सवरून काम करतो तेव्हा त्याला तारखेची ओळ आणि दोनदा रीस्टार्टची ओळ सारख्याच खऱ्या वाटतात. माझा प्रस्ताव सरळ आहे. ज्या ओळीला कारण सापडतं ती पॅकेजमध्ये, कारणासकट. विंडोजवर पॅकेज चालत नसेल तर तिथे कागदावर, पण कारणासकट. ज्या ओळीला कारण सापडत नाही ती एका रिकाम्या मशीनवर काढून बघायची. काही बिघडलं तर ओळ परत आणि कारणही हाती आलं. नाही बिघडलं तर ओळ गेली.

शंकेखोर : रिकाम्या मशीनवर काही बिघडणार नाही. तिथे लाइट जाणार नाही, साइट ताणलेली नसेल, चाळीस लोकांचे फॉर्म एकामागून एक जाणार नाहीत. जी ओळ जुलैच्या एकोणतीस तारखेसाठी लिहिली गेली, तिचं कारण फेब्रुवारीत दिसत नाही. तू म्हणतेस, कारण सापडत नाही म्हणून काढा. मी म्हणतो, कारण सापडत नाही याचा अर्थ मला ते आठवत नाही, ते नव्हतं असा नाही. आणि ठेवण्याचा खर्च काय? मशीनमागे पाच मिनिटं. काढण्याचा खर्च निघालाच तर तो तुझ्या-माझ्या खिशातून जात नाही. चकलांब्याहून पहाटे निघून आलेल्या माणसाचा विमा राहतो.

उत्साही : ठेवण्याचा खर्च पाच मिनिटांचा नाही, सर. आज दोन ओळी कारणाशिवाय आहेत. दहा वर्षांनी वीस असतील, कारण घालायला प्रत्येकाला मुभा आणि काढायला कोणालाच नाही. तेव्हा तो कागद कोणी वाचणारच नाही. सगळे डिस्कची प्रत ओततील, आणि तारखेची खरी ओळसुद्धा त्यांच्यासोबत जाईल. त्या दिवशी चकलांब्याच्या माणसाचं काय होईल? आणि ओळ जुलैसाठी लिहिली असेल तर ती जुलैत तपासावी लागेल. एका केंद्रावर, एका मशीनवर, रांग समोर असताना, शेजारी तुमच्या कागदाप्रमाणे लावलेलं दुसरं मशीन तयार ठेवून.

शंकेखोर : दुसरं मशीन जर तयार असेल, तर त्या दिवशी त्याच्यावरही रांग लावली पाहिजे. तपासणीसाठी ते मोकळं ठेवायला मी तयार नाही. फेब्रुवारीत ये, हवं ते मशीन घे, हवी ती ओळ काढून बघ. जुलैत नाही.

उत्साही : फेब्रुवारीत काही कळत नाही, असं आत्ता तुम्हीच म्हणालात.